थेरगावच्या लेकीचं वाक्य

संसदेच्या नोंदींत माझं एक वाक्य आहे. माझं नाव नाही; 'थेरगावची एक लेक' एवढीच ओळख. ती पानं मी छापून घेतली आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवली. घरात कुणाला दाखवली नाहीत. माणसं संसदेत पोचायला आयुष्य घालवतात, मी एका दुपारी बसल्या जागी पोचले. आणि पोचले ती माझ्या सख्ख्या भावाच्या विरोधात.

मी जपानी भाषेची दुभाषी आहे. चाकणच्या कारखान्यांत जपानी साहेब, इंजिनिअर, तपासनीस येतात. त्यांचं इकडच्यांना आणि इकडच्यांचं त्यांना सांगायचं, हा माझा धंदा. चौदा वर्षं झाली. या धंद्यात एक नियम आहे आणि तो मी पहिल्या दिवसापासून काटेकोर पाळला. बोलणाऱ्याचं बोलणं त्याच्याच तोंडचं म्हणून सांगायचं. 'ते म्हणतात' हे दोन शब्द तोंडून काढायचे नाहीत. साहेब म्हणाला, मी हा माल घेणार नाही, तर मीही उभी राहून सांगते, मी हा माल घेणार नाही. भोसरीच्या एका वर्कशॉपवाल्याने एकदा माझ्यापुढेच हात जोडले होते, "ताई, असं नका करू हो." त्याला वाटलं, माल मीच परत पाठवतेय. दुसऱ्या एका साहेबाच्या वतीने मी भरल्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं की गेल्या महिन्यात माझी बायको वारली. मागच्या रांगेतला सुपरवायझर फिसकन हसला. मी हसले नाही. नव्या मुलींना शिकवताना मी ऐटीत सांगायची, "दुभाषी खोलीत नसतोच. मधे नुसती काच असते." हे वाक्य मला फार आवडायचं. मला वाक्यं आवडतात, हाच माझा रोग.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. आमचे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून चिकटले आणि हेल्पर म्हणूनच रिटायर झाले. आमच्या आधीच्या पिढ्यांना शाळेच्या उंबऱ्याआत कुणी घेतलं नव्हतं, त्यामुळे विद्या हा शब्द आमच्या घरात जपून उच्चारला जायचा. विहारात वंदना झाली की वडील आम्हा दोघांना थांबवून घेत आणि तिथल्या कपाटातली पुस्तकं नुसती हाताळायला लावत. पण पुढे शिकवायची ऐपत एकालाच होती. दादा दहावीनंतर आयटीआयला गेला, कंपनीत लागला, आणि त्याच्या ओव्हरटाइमवर मी पुण्याला जाऊन जपानी शिकले. त्याने हे कधी बोलून दाखवलं नाही. ते काम आईने केलं, वर्षातून चारदा तरी.

पुढे दादाने कंपनी सोडली, चाकणच्या रस्त्याला एक पत्र्याचं शेड घेतलं, तीन माणसं हाताशी धरली आणि परदेशी मशीनचे स्पिंडल दुरुस्त करायला लागला. स्पिंडल म्हणजे मशीनमधला तो दांडा, जो हत्यार धरून गरागरा फिरतो. तो बिघडला की मशीन बंद, मशीन बंद की पुढची सगळी लाइन बंद, आणि मॅनेजरचा जीव टांगणीला. मशीन ज्यांनी बनवलं त्यांचा माणूस परदेशातून यायला महिने लागत. दादा मोटरसायकलवर चार तासांत हजर. आल्यावर आधी काहीच उघडायचा नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला लावायचा, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. "गातंय तोवर हात लावू नका," हाताखालच्यांना सांगायचा, "रडायला लागलं की उघडा." मी पुष्कळदा त्याच स्क्रू ड्रायव्हरला कान लावून पाहिला. गाणं कुठलं नि रडणं कुठलं, मला कधीच कळलं नाही.

त्या सुमारास सेवांच्या व्यापाराचं वारं सुरू झालं होतं. माल तर कधीचाच देशोदेशी जातो. आता कामंही सीमेपार मोकळी करायची, असं घाटत होतं. आपल्या नर्स, आपली संगणकाची मुलं तिकडे जातील. त्यांचे वकील, त्यांचे सल्लागार, त्यांचे मशीन दुरुस्त करणारे इकडे येतील. संसदेत यावर चर्चा व्हायची होती, आणि त्याआधी खासदारांची एक समिती चाकणला येऊन कारखानदारांचं म्हणणं ऐकणार होती. ज्या कंपनीत ही बैठक होती, तिने त्या दिवसासाठी मला बोलावलं.

आदल्या संध्याकाळी मी दादाकडे गेले होते. आई त्याच्याकडेच राहते, थेरगावला, डांगे चौकाच्या मागे. त्याने बेअरिंगच्या खोक्याचं एक झाकण फाडून त्यावर काहीतरी लिहून ठेवलं होतं. ते माझ्या हातात दिलं. अक्षर मोठं नि ठसठशीत, शाळेतल्यासारखं. 'परदेशी तंत्रज्ञ येऊ द्या, आमची हरकत नाही. पण येणाऱ्या कंपन्यांनी मशीनची पुस्तकं आणि पासवर्ड आम्हालाही द्यावेत. तेवढी एक अट घाला.'

"एवढंच त्यांच्या कानावर घाल," तो म्हणाला. "भाषण नको करू. एक वाक्य."

"दादा, मला माझं काही बोलता येत नाही तिथे. मी तिथे नसतेच."

"नसतेस म्हणजे? मग खुर्चीत कोण बसतं, राव?"

वहिनी हसली, मीही हसले. दादा हसला नाही. "मशीनवाले दुरुस्तीचं पुस्तक देत नाहीत म्हणून मी चाचपडत काम करतोय इतकी वर्षं," तो म्हणाला. "ज्याच्याकडे पुस्तक आहे तो दारात आला तर मी संपलो. आणि पुस्तक मलाही दिलं तर येऊ दे की कुणालाही. मी कुणाला भीत नाही." मी झाकण घडी घालून पर्समध्ये टाकलं. बघते, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी समिती आली. सगळ्यांना पिवळी हेल्मेटं घातली, शाली दिल्या, कारखान्यातून एक फेरी मारली. मग मीटिंगरूम. बरेचसे खासदार परप्रांतातले होते. त्यांच्यासाठी इंग्रजी आणि हिंदी कागद ठेवले होते. महाराष्ट्रातले एक होते, आमच्या भागातले नव्हेत, कुठल्यातरी लांबच्या जिल्ह्यातले. ते म्हणाले, "मराठीतनं सांगू द्या की ताईंना. कागद काय, गाडीत वाचू." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. एरवी मी कंपन्यांत बोलते ते अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी, बाकीचं मराठी. त्या दिवशी मला अस्सल मराठी बोलायची मुभा मिळाली होती, तीही खासदारांसमोर.

कंपनीचे जपानी प्रमुख बोलायला लागले आणि तेवढ्यात त्या खासदारांचा फोन वाजला. ते उठून बाहेर गेले. परत आले तेव्हा प्रमुख बोलून खाली बसले होते, चहाचा कप हातात होता, आणि मी उभी राहून सांगत होते. मी दुभाषी आहे, अशी ओळख कुणी करून दिली नव्हती; म्हणजे आत येणाऱ्याला काय दिसलं असेल? साडी नेसलेली एक मराठी बाई तावातावाने बोलतेय आणि परदेशी साहेब मान खाली घालून मुकाट ऐकतोय.

प्रमुखांचं वाक्य अगदी कोरडं होतं. इथल्या कामगारांकडे अनुभव आहे, पण तांत्रिक शिक्षणाचा पाया कमी आहे. म्हणून आमच्या तंत्रज्ञांना अडथळ्याशिवाय येऊ द्यावं. एवढंच. दुसरी कुणी असती तर तिने तेवढंच सांगितलं असतं. मी सांगितलं, "आमच्या पोरांच्या हाताला सवय आहे, विद्या नाही. दार उघडा, विद्या आत येऊ द्या."

अर्थ तोच होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण शब्द माझे होते. बोलताना मला त्यांची गोडी लागली, हेही खरं. हाताला सवय, विद्या नाही. काय तोल साधलाय, असं माझ्याच मनात आलं. त्या क्षणी दादा मला आठवलासुद्धा नाही. खासदारांनी खिशातून डायरी काढली आणि लिहून घेतलं. ते मला दिसलं, आणि मी खूश झाले.

जेवणाच्या सुट्टीत ते माझ्याशी बोलायला आले. "कुठल्या हो ताई तुम्ही?"

"थेरगावची."

"म्हणजे आपलीच लेक. छान बोललात. काळजातनं बोललात."

तेव्हा मी सांगायला हवं होतं की साहेब, ते माझं बोलणं नव्हतं. आणि सांगायला हवं होतं दादाचं वाक्य. पर्स खांद्याला होती, झाकण पर्समध्ये होतं, नियम जेवणाच्या सुट्टीत कुणाला बांधत नाही. मी काय केलं? मी जपानी कशी शिकले ते सांगितलं. ताटातला गुलाबजाम तसाच ठेवून त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतला. काळजातनं बोललात म्हणजे माझ्या भाषांतराची तारीफ केली, असं मी धरून चालले. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वाक्यांचे अर्थ लावून पोट भरणारी मी, आणि मला उद्देशून म्हटलेल्या एका वाक्याचा अर्थ मला लागला नाही.

संध्याकाळी दादाचा फोन आला. "दिलंस का वाक्य?"

"दिलं," मी म्हणाले.

का म्हणाले, ते विचारू नका. दिवस चांगला गेला होता, तो नासवायचा नव्हता.

काही आठवड्यांनी खासदारांच्या कार्यालयातून सगळ्यांना मेसेज आला. साहेब उद्या संसदेत सेवांच्या व्यापारावर बोलणार, अवश्य पाहा. मी तो दादाला पाठवायला नको होता. पण फोटो आधीच घरच्या ग्रुपवर गेला होता, त्यामुळे आई आणि वहिनी रोज विचारतच होत्या, तुझे खासदार कधी बोलणार. दादाने दुसऱ्या दिवशी शेड दुपारपर्यंतच उघडं ठेवलं. त्याची तिन्ही माणसं हातपाय धुऊन घरी आली, अंगावर स्वच्छ शर्ट. वहिनीने पोहे केले. आईने टीव्हीसमोरची खुर्ची माझ्यासाठी मोकळी ठेवली.

संसद टीव्हीवर मी प्रथमच नीट पाहिली. निम्म्याहून जास्त बाकं रिकामी. एक बाई नर्सेसबद्दल पोटतिडकीने बोलल्या. तिकडे जाऊन त्यांना कसं वागवलं जाईल याची हमी कोण देणार, हा त्यांचा प्रश्न होता, आणि कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. एकजण म्हणाले, परदेशी वकील आले तर आपले वकील उपाशी मरतील. त्यावर पलीकडून कुणी ओरडलं, वकील कधी उपाशी मरत नसतो, आणि सगळे हसले. एकाने शेर म्हटला. मधेच दुसऱ्याच कुठल्या विषयावर घोषणा सुरू झाल्या आणि कामकाज थांबलं. दादाच्या एका माणसाने विचारलं, "मतदान कधी हाय?" दादाने सगळं वाचून ठेवलं होतं. तो म्हणाला, "मतदान नाही. करार सरकार करतं. हे लोक नुसती चर्चा करतात."

"मग बोलून उपेग काय?"

"नोंद होते," दादा म्हणाला. "नोंद झाली की उद्या कुणी म्हणू शकत नाही, आम्हाला माहीत नव्हतं." या एका गोष्टीवर त्याचा विश्वास होता.

आमचे खासदार उभे राहिले. वेळ थोडा होता, ते घाईत होते. दोन मिनिटं इकडचं तिकडचं झालं, आणि मग ते म्हणाले, "अध्यक्ष महोदय, मी स्वतः चाकणला गेलो होतो." दादा पुढे सरकला. हातातली पोह्यांची बशी त्याने जमिनीवर ठेवली.

"तिथे कामगारांच्या घरातली, थेरगावची एक लेक माझ्यासमोर उभी राहिली. साहेबासमोर, न घाबरता."

"आगं बया! थेरगावची म्हंजी तूच की!" आईने टाळी वाजवली. "व्हय का न्हाई?"

"ती काय म्हणाली माहीत आहे? आमच्या पोरांच्या हाताला सवय आहे, विद्या नाही. दार उघडा, विद्या आत येऊ द्या. महोदय, ही त्या मातीतली हाक आहे. आता आणखी पुरावा कशाला हवा?"

बाकं वाजली. अध्यक्षांनी घंटा वाजवली. आई अजून टाळ्या वाजवत होती, आणि मग एकटीच वाजवतेय हे लक्षात येऊन थांबली. "काय झालं?" तिने विचारलं. दादाच्या तिघांपैकी सर्वांत जुना जो होता, त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. तो नाटक करणारा माणूस नाही. त्याने नुसतं पाहिलं आणि हात मांड्यांखाली घातले.

"ते माझं नव्हतं," मी म्हणाले. "मी दुभाषी होते. ते साहेबांचं होतं."

"जपानी साहेब विद्या म्हणाला?" दादाने विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. तिथे जपानी दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. "नाही," मी म्हणाले. "तो शब्द माझा."

"आणि माझं वाक्य?"

मी पर्समधून झाकण काढलं. घडी होती तशीच होती. दादाने ते घेतलं, उलगडून एकदा वाचलं, जणू कुणा दुसऱ्याने लिहिलंय, आणि टीव्ही बंद केला. मंत्र्यांचं उत्तर आम्ही ऐकलं नाही. नंतर बातम्यांत आलं, सर्व संबंधितांशी सल्लामसलत करण्यात आली आहे.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसतं "जेवून जा," म्हणाला. पण भाषणाचा तो तुकडा मोबाइलवरून चाकणभर फिरला, आणि ज्या कंपन्यांत दादा स्पिंडल काढायला जायचा तिथली माणसं त्याची फिरकी घ्यायला लागली. "काय भावा, विद्या नाही म्हणे तुला? बहिणीकडे शिकवणी लाव की." गंमतच होती ती. आमच्याकडे गंमत अशीच करतात. वहिनीने मला हे सांगितलं. दादा सांगणारा नव्हे.

मी खासदारांच्या कार्यालयात फोन केला. त्यांचे सहायक फार गोड बोलले. "ताई, साहेबांनी तुमचं कौतुकच केलंय की. लोक पैसे देऊन उल्लेख करायला लावतात."

"पण ते मी म्हटलं नव्हतं."

"मग कुणी म्हटलं? साहेबांनी स्वतःच्या कानाने ऐकलंय."

"म्हटलं मीच. पण माझं नव्हतं."

मग ते म्हणाले, "लेखी द्या." मी लेखी दिलं, दोन पानं, दुभाष्याचा नियम समजावून. उत्तर आलं नाही. पुन्हा फोन केला तर म्हणाले, सभागृहात बोललं गेलं ते नोंदीत गेलं, आता ते तसंच राहणार. दादाचा ज्या नोंदीवर विश्वास होता, ती ही.

माझ्या एका वाक्याने सरकारचं धोरण फिरलं, असं समजण्याइतकी मी खुळी नाही. जे व्हायचं होतं ते होणारच होतं. काही महिन्यांत परदेशी तंत्रज्ञांना येणं सोपं झालं, मशीन बनवणाऱ्या एका कंपनीने चाकणलाच स्वतःची दुरुस्ती सुरू केली, आणि कारखान्यांनी एकेक करून दादाला फोन करणं थांबवलं. त्यांचंही चूक म्हणवत नाही. त्यांच्याकडे पुस्तक होतं, दादाकडे नव्हतं. पुस्तकाची अट कुठेच घातली गेली नव्हती, कारण ती कुणी मागितलीच नव्हती. ती मागणारं वाक्य माझ्या पर्समध्ये राहिलं होतं. रात्री झोप लागत नाही तेव्हा मला हेच सलतं. लढून हरलो असतो तर हरलो म्हटलं असतं. दादाच्या वतीने तिथे कुणी तोंडच उघडलं नाही.

शेडला कुलूप लागलं. तिघांपैकी दोघं घरपोच सामान पोचवायला लागले, जुना होता तो गावी गेला. दादा सहा महिने घरी बसला. आणि मग त्याच दुरुस्तीवाल्या कंपनीची जाहिरात आली. परदेशी तंत्रज्ञांच्या हाताखाली स्थानिक मदतनीस हवेत, काम शिकवलं जाईल. अट एकच. ज्यांनी आधी बाहेर कुठे ही मशीन उघडली आहेत त्यांना घेणार नाही. चुकीच्या सवयी लागलेल्या असतात, असं त्यांचं म्हणणं. कोरी माणसं पाहिजेत.

त्या मुलाखतींना दुभाषी म्हणून मला बोलावलं होतं. दादाचं नाव यादीत पाहिलं तेव्हा मी वहिनीला फोन केला. ती म्हणाली, "मला ठाऊक आहे. त्यांनी सांगितलंय, तू ओळख दाखवायची नाहीस."

मुलाखती कारखान्याच्या आतच होत्या, चालू मशीनच्या रांगेत. विचारणारे साठीचे एक तंत्रज्ञ होते, बारीक अंगाचे, स्वतःची हत्यारं स्वतः पुसणारे. बाजूला ऑफिसातली एक मुलगी फॉर्म घेऊन उभी. माझ्या भाच्याच्या वयाची पोरं एकेक करून येऊन गेली. मग दादा आला. इस्त्रीचा शर्ट, केस कलप लावून काळे केलेले. माझ्याकडे त्याने दुभाष्याकडे बघतात तसं बघितलं.

तंत्रज्ञांनी त्याला मशीनच्या रांगेतून चालवत नेलं. काय बघत होते कोण जाणे. चौथ्या मशीनपाशी दादाची पावलं मंदावली. मला तर सगळ्या मशीनचा आवाज सारखाच येत होता. बाकावर कुणाचातरी लांब स्क्रू ड्रायव्हर पडला होता. दादाच्या हाताने तो उचलला. हातानेच, कारण दादाचं लक्ष तिथे नव्हतं. टोक मशीनला लागलं, मूठ कानामागे गेली, डोळे मिटले. पाचसहा सेकंद. मग तो भानावर आला आणि त्याने स्क्रू ड्रायव्हर पटकन बाकावर ठेवला.

तंत्रज्ञ थांबले होते. त्यांनी तोच स्क्रू ड्रायव्हर उचलला, त्याच जागी लावला, तसेच डोळे मिटून ऐकलं. मग दादाकडे वळून अगदी आदराने विचारलं, "हे तुम्ही कुणाकडे शिकलात?"

मी मराठीत सांगितलं. ऑफिसातल्या मुलीचं पेन फॉर्मवर थांबलं होतं.

दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला यातलं काही येत नाही. नुसती हाताला सवय आहे. शिकवा म्हणावं."

हाताला सवय. माझेच शब्द, आता त्याच्या तोंडी. मला ते जसेच्या तसे पोचवायचे होते, माझ्या तोंडून, मला काही येत नाही म्हणून. मालकाचं वाक्य मी त्या भरल्या खोलीत किती दिमाखात माझं करून सांगितलं होतं. भावाचं तोंडात येईना. चौदा वर्षांत पहिल्यांदा मी नियम मोडला. जपानीत म्हणाले, "यांना यातलं काही येत नाही, असं ते म्हणतात."

म्हाताऱ्या तंत्रज्ञांनी आयुष्यभर दुभाष्यांबरोबर काम केलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दादाकडे बघितलं. पुढे काही विचारलं नाही. मुलीला त्यांनी मान हलवून खूण केली. तिने अनुभवाच्या रकान्यात 'नाही' लिहिलं आणि दादाने खाली त्याच ठसठशीत अक्षरात सही केली.

गेटाबाहेर रिक्षाच्या रांगेत तो माझ्यासाठी थांबला होता. संसदेच्या त्या दुपारनंतर कामाचं पहिल्यांदाच काही बोलला.

"नीट सांगितलंस ना? या वेळी स्वतःचं काही घातलं नाहीस ना त्यात?"

"नाही," मी म्हणाले.

घातलं होतं. दोन शब्द.